कोरड्या खुणा

जळगावच्या पिंप्राळ्यात माझं नाव 'बर्फवाल्या मॅडम' पडलं आहे. कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार दर मे महिन्यात न चुकता म्हणतो, "मॅडम, यंदा थोडा बर्फ इकडे पाठवा की." गेली पाच वर्षं हाच विनोद. पहिल्या वर्षी मी हसले, दुसऱ्या वर्षी हसायचं सोडलं, आता सरळ सांगते की साखर तोला आणि गप्प बसा. माणूस तसा वाईट नाही. माझाच स्वभाव नासका आहे असं सगळी कॉलनी म्हणते, आणि कॉलनीचं बरोबर आहे.

मी बर्फ मोजायचे. हिमालयात हिवाळ्यात किती बर्फ पडला, त्यात पाणी किती, ते वितळून खाली नदीत कधी उतरणार, हे शोधण्यात माझी पंचवीस वर्षं गेली. वरच्या थंडीत गुडघे आणि खालच्या माणसांशी भांडून भांडून डोकं, अशी दोन्ही कामातून गेली तेव्हा राजीनामा फेकला आणि जळगावला आले. इथे पंचेचाळीस डिग्रीत कूलरसमोर बसून मुलांना जलविज्ञान शिकवते. मुलं परीक्षेत काय येणार एवढंच विचारतात.

या पंचवीस वर्षांत मी जिथे जिथे व्याख्यान दिलं तिथे तिथे एक किस्सा सांगितला. वरच्या खोऱ्यात आम्ही एक निरीक्षक नेमला होता, त्याने हिवाळाभर घरात चुलीपाशी बसून बर्फाच्या नोंदी मनाने भरल्या, आणि बर्फ जानेवारीत वितळतो नि मे महिन्यात साचतो असा नवा शोध लावला. मी त्याच्यासारखे हात शेकून दाखवायचे, त्याच्यासारखं बोलून दाखवायचे. सभागृह खदखदून हसायचं. त्या किश्श्यापायी मी आज लिहायला बसले आहे.

आधी आबांबद्दल सांगायला हवं. आबा म्हणजे माझे वडील. पांझरा नदीवर, पिंपळनेरच्या अलीकडे, आमच्या गावच्या बंधाऱ्यावर ते पाटकरी होते. बंधाऱ्यातून पाट निघायचा, पाटाचं पाणी फडांना मिळायचं. गावची बागायत चार फडांत वाटलेली आणि प्रत्येक घराची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात. कोणाला कधी पाणी द्यायचं ते पाटकऱ्याने ठरवायचं. पाटाच्या तोंडाशी एक उभा दगड होता, त्यावर छिन्नीने मारलेल्या दहा खुणा. आबा रोज सकाळी तिथे जाऊन वरून खाली मोजायचे, पाण्याच्या वर किती खुणा उघड्या पडल्या ते. आमच्या गावात पाणी किती आहे असं कोणी विचारत नसे. "किती कोरड्या?" असं विचारत. आबा सांगायचे, "चार कोरड्या शेतस." सहा कोरड्या झाल्या की पंच बसायचे आणि एक फड त्या हंगामापुरता पाण्याविना सोडून द्यायचे. सगळ्यांची जमीन सगळीकडे असल्यामुळे तोटाही सगळ्यांना सारखा व्हायचा. मला शाळेत जायच्या आधीपासून हे मोजता येत होतं.

आबांचं नि माझं कधी पटलं नाही. त्यांना मला धुळ्याला चांगल्या घरी द्यायची होती. मला शिकायचं होतं आणि शिकायलाही धुळ्याला नव्हे, पार उत्तरेला जायचं होतं. बर्फाचं पाणी मोजायला जाते म्हटल्यावर आबा म्हणाले, "आठे पानी कमी शे का मोजाले?" मी म्हणाले, इथे मोजतात कुठे, इथे दगडाकडे बघून बोटं दाखवतात. ते उठून पाटावर निघून गेले. मी निघाले त्या दिवशी एसटीपर्यंत पोचवायला एकटी आई आली. पुढे दोन वर्षं आबांनी माझ्या पत्राला उत्तर दिलं नाही, आणि तिसऱ्या वर्षी मी लिहायचं थांबवलं.

तिकडे मला सर भेटले. सर म्हणजे माझे मार्गदर्शक, ज्यांच्या हाताखाली मी प्रबंध केला. हुशार माणूस, यात वाद नाही. पण तोंड फटकळ आणि मन त्याहून कोतं. त्यांना पहाड आवडायचे, पहाडातली माणसं आवडायची नाहीत. "यांच्या हातात पेन्सिल दिली की कान कोरतील," असं ते त्या माणसांच्या देखत बोलायचे. मला त्यांचा मनस्वी राग यायचा. पण प्रबंध त्यांच्या हातात होता, त्यामुळे राग मी गिळायचे आणि हसायचे.

पहिल्याच वर्षी त्यांनी मला खोऱ्याच्या वरच्या टोकाला पाठवलं. काम सोपं होतं. तीन मीटरचा एक खांब रोवायचा, दहा-दहा सेंटिमीटरचे लाल-पांढरे तीस पट्टे रंगवायचे आणि हिवाळाभर तो रोज वाचायला गावातला एक माणूस तयार करायचा. खिंड बंद व्हायच्या आत मला खाली उतरायचं होतं. जो माणूस मिळाला तो चाळिशीचा, सैन्याला सामान पोचवायचं काम केलेला. लिहिता-वाचता येत होतं, हिंदी स्वच्छ होती. मला तो पहिल्या दिवशी आवडला, कारण मी सांगितलेली गोष्ट तो पुन्हा स्वतःच्या तोंडाने म्हणून दाखवायचा आणि मगच मान हलवायचा.

खांबाजवळ गेलं तर बर्फ तुडवला जातो आणि आकडा बिघडतो. म्हणून मी त्याला दुरूनच पट्टे मोजायला शिकवलं. "वरून मोजायचं. जेवढे उघडे दिसतात तेवढे, पट्ट्याला दहा धरून लिहायचे." त्याने म्हणून दाखवलं, "ऊपर से. जितने खुले, उतने." मी म्हटलं बरोबर. मी असताना आम्ही दोघं रोज मोजायचो. सव्वीस पट्टे उघडे दिसले की मी पत्रकात बर्फ चाळीस सेंटिमीटर लिहायचे. तिसातून सव्वीस गेले, उरलेले चार पट्टे बर्फात. ही वजाबाकी मी मनात करायचे आणि आपण करतो आहोत हे माझ्या ध्यानातही नव्हतं. त्याला ती सांगायची राहिली. पत्रकातही तसं कुठे लिहिलेलं नव्हतं, रकान्यावर फक्त 'बर्फ' एवढंच होतं. माझ्या मते मी सगळं सांगितलं होतं. आमच्या गावात एवढंच सांगत.

मी खाली आले आणि खिंड बंद झाली. त्याने तो सबंध हिवाळा एकही दिवस न चुकता वाचला. वादळात, अंगात ताप असताना, घरात मयत झाली त्या दिवशीही. हे मला फार नंतर कळलं. तेव्हा कळलं असतं तरी मी काय दिवे लावले असते, सांगता येत नाही.

जूनमध्ये सर आणि मी वर गेलो. त्याने पत्रकांची चळत कापडात बांधून ठेवली होती, ती सोडून सरांपुढे ठेवली. सरांनी दोन पानं बघितली. "ही खाली उतरली तेव्हा बर्फ चाळीस, आणि दुसऱ्या दिवशी अडीचशे?" पुढे फेब्रुवारीत साठ, मग मे महिन्यात पुन्हा दोनशे ऐंशी. सर हसायलाच लागले. मग हसणं थांबलं आणि ते त्याला नको नको ते बोलले. चुलीपाशी बसून भरलंस, फुकटचा पगार खाल्लास, सरकारला फसवलंस. त्याची बायको दारात उभी होती. तो मान खाली घालून काहीतरी पुटपुटला, त्यांची ती पहाडी बोली, मला धड कळली नाही. मी पत्रकं गोळा करत होते. सरांनी त्याला तिथल्या तिथे काढून टाकलं आणि खालच्या कचेरीत सांगून ठेवलं की या माणसाला पुन्हा कोणत्याही कामावर घेऊ नका.

माझ्या प्रबंधात त्याच्या वाट्याला एक वाक्य आलं. निरीक्षकाच्या नोंदी विश्वासार्ह नसल्यामुळे वगळल्या आहेत. तो हिवाळा मी शेजारच्या खोऱ्यातल्या आकड्यांवरून अंदाजाने भरला. प्रबंध मंजूर झाला, नोकरी लागली, आणि पुढे मी सरांशी उभा दावा मांडला. त्यांनी माझी कामं आपल्या नावावर खपवली, मी त्यांना सभेत आडवी गेले, त्यांनी माझी बढती अडकवली. एकमेकांचं तोंड बघायचो नाही. पण तो किस्सा तेही सांगायचे आणि मीही सांगायचे. आम्हा दोघांचं एकमत असलेली तेवढीच गोष्ट होती.

यंदा पावसाळा सरल्यावर आबांना बघायला गावी गेले. आई जाऊन बरीच वर्षं झाली. आबा नव्वदीला टेकलेत, पाटकरीपण केव्हाच संपलं, आता ओट्यावर खाटेवर बसून असतात. आमचं बोलणं म्हणजे जेवलात का, हो, एवढंच. सकाळी मी चहा घेऊन ओट्यावर आले तर पाटावरून आलेल्या एका माणसाला ते विचारत होते, "किती कोरड्या?" तो म्हणाला, "तीन, आबा." आबांनी मान हलवली. त्यांच्या डोक्यात सात खुणांचं पाणी उभं राहिलं, त्याच्या डोक्यातही राहिलं, आणि सात हा आकडा दोघांपैकी कोणीही उच्चारला नाही.

मी चहाचा कप खाली ठेवला. ऊपर से. जितने खुले, उतने. मी तशीच ओट्यावर बसले. जानेवारीत वितळणारा बर्फ. कोणीही आलेख उलटा धरून बघितला असता तर दिसलं असतं. मी बर्फाची डॉक्टर, आणि इतक्या वर्षांत मला तो कागद उलटा धरावासा वाटला नाही.

आबांना मी सगळं सांगितलं. का सांगितलं माहीत नाही, तोवर त्यांना माझ्या कामातलं अवाक्षर सांगितलं नव्हतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग त्यानी बरोबरच लिखं ना."

मी म्हणाले, हो आबा, बरोबरच लिहिलं.

"मग तुन्हं चुकनं," असं म्हणून ते भिंतीकडे वळून बसले. या वयातही माझी चूक काढायची संधी त्यांनी सोडली नाही.

दुसऱ्या दिवशी धुळ्याला एका कॉलेजात पाण्यावर परिसंवाद होता. प्रमुख पाहुणे म्हणून सर येणार होते. मी आभार मानायचे होते. नाही म्हणणार होते, पण आता मला त्यांना गाठायचंच होतं. सर थकले आहेत, काठी आली आहे, पण जीभ तशीच. भाषणात त्यांनी किस्सा सांगितलाच. "या तुमच्या मॅडम साक्षीदार आहेत," असं म्हणून माझ्याकडे हात केला. पोरं हसली. मी व्यासपीठावर बसले होते. उठून आभार मानले, फुलं दिली, आणि तोंडातून त्याबद्दल शब्द काढला नाही. काढायला हवा होता.

सरांना पुढे इंदूरला मुलीकडे जायचं होतं आणि मुलीची गाडी सोनगीरला येणार होती. मी म्हणाले, मी सोडते. कॉलेजवाल्यांना बरंच वाटलं. सोनगीरला किल्ल्याच्या बाजूला हायवेवर चहाच्या टपरीशी थांबलो. त्यांनी चहात बिस्कीट बुडवलं आणि मी सांगायला सुरुवात केली. पट्टे, वजाबाकी, आबांचा दगड, सगळं.

त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "बरं, मग?"

"मग काय सर? तो माणूस खोटारडा नव्हता. त्याचा हिवाळा खरा होता. आपण दोघांनी मिळून दुरुस्ती छापायची, आणि तुम्ही त्या कचेरीला लिहायचं की चूक आपली होती."

"तुला शिकवता आलं नाही, त्यात माझी चूक कुठे आली? तिसातून सव्वीस वजा करायची अक्कल त्याला नसेल तर मी काय करू?"

"त्याला वजा करायला सांगितलंच नव्हतं. तुम्ही दोन पानं बघितलीत. चळत पुढे उलटली असती तर तुम्हाला कळलं असतं. पण तुम्हाला आधीपासूनच माहीत होतं, की पहाडी माणूस म्हणजे चोर."

ते बिस्कीट संपवत राहिले. हात रुमालाला पुसले. "मी त्या दिवशी तुला विचारलं होतं," ते म्हणाले.

"काय विचारलं होतं?"

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. त्या नजरेने माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "जाऊ दे," ते म्हणाले, "तुझा प्रबंध त्या वाक्यावर उभा आहे, माझा नाही. तुला पाडायचा असेल तर पाड. माझं नाव घेऊ नकोस." मी म्हणाले, आयुष्यभर दुसऱ्यावर ढकललंत, आता मरताना तरी सोडा. असं म्हणायला नको होतं, पण म्हणाले आणि त्याचं वाईट वाटलं नाही. मुलीची गाडी आली. मी त्यांची बॅग गाडीत ठेवली, आणि आम्ही दोघंही आपापल्या वाटेला लागलो.

पिंप्राळ्याला आले आणि माळ्यावरची पेटी काढली. पत्रकांच्या प्रती होत्या. कूलरची घरघर चालू होती, कागद उडू नयेत म्हणून त्यांवर वाट्या ठेवल्या आणि एकेक आकडा तीनशेमधून वजा करत गेले. अडीचशेचे पन्नास झाले. डिसेंबरात बर्फ वाढत गेला. फेब्रुवारीतल्या साठचे दोनशे चाळीस झाले, मे महिन्यात वीस उरले. माझ्या सबंध कारकिर्दीत माझ्या हाती आलेला तो सगळ्यात चांगला हिवाळा होता. एक दिवस सुटलेला नाही, एक आकडा खाडाखोड केलेला नाही. मी अंदाजाने भरला होता तो हिवाळा खऱ्याच्या निम्माही नव्हता. त्या अंदाजावर मी डॉक्टर झाले.

माझी एक जुनी विद्यार्थिनी त्या खोऱ्यात काम करते, तिने नंबर मिळवून दिला. दोन दिवस मी काय बोलायचं ते घोकलं. मग फोन लावला. त्याचा आवाज म्हातारा झाला होता. मी कोण ते सांगितलं. मी घोकलेलं सगळं म्हटलं. पत्रक सदोष होतं, सर आततायी होते, मला आत्ता कुठे कळलं, तुमचा आकडा न् आकडा खरा निघाला.

तो म्हणाला, "वो तो मुझे मालूम था."

मग थोडं थोडं करून त्याने सांगितलं. त्यानंतर त्याला कोणी मोजणीचं काम दिलं नाही. ओझी वाहिली. आमचा किस्सा कुठून कुठून फिरत त्याच्या खोऱ्यातही पोचला होता. गावातली पोरं त्याला 'चूल्हेवाला' म्हणतात. त्याच्या नातवालाही शाळेत तेच म्हणतात. हे सांगताना त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला बरं वाटलं असतं.

मी म्हणाले, मी दुरुस्ती छापणार आहे. सरांची सही मिळो न मिळो. आणि ही सगळी हकीकत लिहिणार आहे, तुमच्या नावासकट.

"नाम मत लिखना," तो म्हणाला. "नाम तो बहुत चल चुका." मग म्हणाला, "मॅडमजी, मैंने उस दिन साहब को बताया था. कि मॅडमजी ने ऐसे ही सिखाया है. साहब ने आपसे पूछा भी था. लिखना है तो ये लिखो, कि आप वहीं खड़ी थीं." आणि त्याने फोन ठेवला.

मी वर लिहिलं आहे की तो पहाडी बोलीत काहीतरी पुटपुटला आणि मला कळलं नाही. ते खोटं आहे. इतकी वर्षं तेच सांगत आले म्हणून इथेही हाताने तेच लिहिलं, आणि आता ते खोडणार नाही. तो हिंदीत बोलला, स्वच्छ हिंदीत. मी त्याच्यापासून दोन हातांवर उभी होते. सरांनी मान वळवून मला विचारलं, "असं शिकवलंस का?" तो माझ्याकडे बघत होता आणि दारातून त्याची बायकोही.

मी म्हणाले, नाही.